साउंड कार्ड घ्यायचं की बोर्डावरचाच आवाज पुरे? आधी घरघर कुठून येते ते शोधा

कोपरखैरण्याला राहणाऱ्या आमच्या काकू गाणं शिकवतात. पूर्वी मुलं घरी यायची, आता निम्मी शिकवणी ऑनलाइन चालते. गेल्या दिवाळीनंतर त्यांचा फोन आला.

"अरे, मुलींना तानपुरा ऐकूच जात नाही. माझाही सूर मध्येच बुडतो म्हणतात. दुकानदार म्हणाला, कॉम्प्युटरला साउंड कार्ड घाला. सात हजार सांगतोय. घेऊन टाकू का?"

"काकू, रविवारपर्यंत थांबा. मी येऊन बघतो."

रविवारी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून गेलो. कॉम्प्युटरच्या आवाजात काहीच खोट नव्हती. तानपुरा जात होता तो झूमच्या आवाज गाळण्याच्या सोयीमुळे. ही सोय सलग, एकसुरी आवाजाला पंख्याची घरघर समजून कापून टाकते, आणि तानपुऱ्याइतकं सलग आणि एकसुरी दुसरं काय असणार! सेटिंग्जमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय निवडला, कॉल सुरू झाल्यावर वरच्या कोपऱ्यातलं त्याचं बटण दाबलं, आणि पलीकडून मुलगी म्हणाली, "आता जवारीसुद्धा ऐकू येतेय, ताई." सात हजारांचं कार्ड बसवलं असतं तरी तानपुरा तसाच गायब राहिला असता. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

असे फोन मला महिन्यातून दोन-तीन येतात. नौपाड्यातल्या घरी मी आवाजाची छोटी-मोठी ध्वनिमुद्रणं करतो, त्यामुळे ओळखीतले लोक विचारतात. वेगळं साउंड कार्ड घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. काही कामांना ते लागतंच, आणि ती कोणती ते पुढे सांगतो. पण आवाज कानापर्यंत येईतो वाटेत पाच-सहा ठिकाणी बिघडू शकतो. बिघाड कुठे आहे ते न शोधता पैसे घातले की वैताग तसाच राहतो आणि खिसा रिकामा होतो.

आधी पाहा, तुमचं कार्ड कामात तरी आहे का

कॉम्प्युटरमधला आवाज आकड्यांत असतो. त्या आकड्यांची विजेची लाट करण्याचं काम डीएसी करतो, आणि माइकमधून येणाऱ्या लाटेचे आकडे करण्याचं काम एडीसी. मदरबोर्डवर ही दोन्ही कामं नखाएवढी एक चिप करते. बहुतेक बोर्डांवर ती रिअलटेकची असते. यालाच आपण ऑनबोर्ड ऑडिओ म्हणतो.

आता तुमचे हेडफोन ब्लूटूथचे असतील तर डीएसी हेडफोनच्या आतच आहे. यूएसबी हेडसेट असेल तर तो त्या हेडसेटमध्ये किंवा त्याच्या वायरवरच्या डबीत आहे. आवाज मॉनिटरच्या किंवा टीव्हीच्या स्पीकरमधून येत असेल तर एचडीएमआयने आकडेच पलीकडे जातात आणि रूपांतर टीव्हीत होतं. यूएसबी माइकच्या पोटातही एडीसी असतोच. म्हणजे या सगळ्यांनी एक साउंड कार्ड नकळत आधीच विकत घेतलेलं आहे. कॉम्प्युटरमध्ये दुसरं बसवलं तर आवाज त्याच्या वाऱ्यालाही जाणार नाही. वेगळ्या कार्डाचा प्रश्न फक्त ३.५ मिमीच्या गोल पिनेने जोडलेल्या हेडफोन, स्पीकर आणि माइकपुरता आहे.

ब्लूटूथवाल्यांसाठी एक गोष्ट जाता जाता. कॉलमध्ये हेडफोनचाच माइक सुरू झाला की बहुतेक ब्लूटूथ हेडफोन ऐकण्याचा दर्जाही खाली आणतात आणि गाणं डब्यातून आल्यासारखं वाटतं. माइक लॅपटॉपचा निवडा, फरक लगेच कळेल.

जुना समज कुठून आला

"ऑनबोर्ड म्हणजे टाकाऊ" हे वाक्य एके काळी खरं होतं. क्रिएटिव्हचं पहिलं साउंड ब्लास्टर १९८९ मध्ये आलं, आणि नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरमधून धड आवाज हवा तर कार्ड घ्यावंच लागायचं. १९९७ मध्ये इंटेलने एसी'९७ हे मानक आणलं, २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ आणलं, आणि आवाज हळूहळू बोर्डावर आला. त्यानंतर विंडोज व्हिस्टाने गेममधल्या आवाजाला कार्डापर्यंत थेट नेणारी जुनी वाट बंद केली, तेव्हा गेमसाठी कार्ड घेण्याचं सर्वांत मोठं कारणही गेलं.

आज चांगल्या बोर्डांवर एएलसी१२२० सारखी चिप असते आणि तिची जाहिरात १२० डेसिबलची होते (सर्वांत मोठा आवाज आणि चिपचा स्वतःचा गोंगाट यांतलं अंतर). सीडीच्या १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलची रेंज मावते. शांत खोलीतही आवाजाची पातळी ३० डेसिबलच्या आसपास असते, आणि घोडबंदर रोडच्या कडेला राहणाऱ्याची खोली तितकीही शांत नसते. म्हणून बोर्डाच्या खोक्यावरचा मोठा आकडा बघून भाळू नका आणि छोटा बघून घाबरू नका. तो आकडा चिपचा असतो. चिपपासून जॅकपर्यंतच्या चार इंचांत काय घडतं, ते त्यात लिहिलेलं नसतं.

पहिली पायरी: आवाजाची जात ओळखा

लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथे घाई करू नका. रात्री अकरानंतर बसा. पंखा बंद, खिडक्या बंद. वायरचे हेडफोन लावा, काहीही न वाजवता व्हॉल्यूम पूर्ण वाढवा आणि ऐका. ऐकून झालं की आधी व्हॉल्यूम खाली आणा आणि मगच काही वाजवा, नाहीतर कानाला इजा होईल.

जे ऐकू येतं ते बहुधा तीनपैकी एक असतं.

पहिली चिरचिर. माउस हलवला, पान वरखाली केलं, मोठी फाइल कॉपी करायला लावली की बारीक शिट्टीसारखा आवाज कमी-जास्त होतो. हा कॉम्प्युटरच्या आतला विजेचा गोंगाट आहे. ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरचा वीजपुरवठा, यूएसबी यांची कुरबुर ऑडिओच्या वाटेत झिरपते. डेस्कटॉप असेल तर हेडफोन पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. पुढचा जॅक एका लांब, पातळ वायरने बोर्डाला जोडलेला असतो आणि ती वायर कॅबिनेटभर फिरून गोंगाट गोळा करत येते. मागे लावल्यावर चिरचिर गेली तर तुमचं काम फुकटात झालं. मागेही तशीच राहिली तर आवाज कॅबिनेटबाहेर न्यायला हवा, म्हणजे यूएसबीचं बाहेरचं उपकरण हा खरा उपाय.

दुसरी घरघर. सलग, जाडसर 'घूंऽऽ', माउसशी काही संबंध नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि हा आवाज तिचा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका. घरघर गेली तर दोष चार्जर, सॉकेट किंवा अर्थिंगकडे आहे, साउंड कार्डाकडे नाही. स्पीकरला स्वतःचा प्लग असेल आणि तो कॉम्प्युटरपेक्षा वेगळ्या भिंतीवर असेल, तर दोघांना जमिनीकडे जाणाऱ्या दोन वाटा मिळतात आणि ऑडिओच्या वायरमधून त्यांचं चक्र पुरं होतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावून बघा.

तिसरी खसखस. 'स्स्स' असा, दूरच्या पावसासारखा. रेकॉर्डिंगमध्ये जास्त जाणवतो. माइकचा आवाज कमी पडतो म्हणून विंडोजमध्ये 'मायक्रोफोन बूस्ट' वाढवला की हा हमखास येतो, कारण बूस्ट आवाजाबरोबर खसखसही वाढवतो. इथे मात्र बोर्डाची मर्यादा खरी आहे. माइकचा नाजूक सिग्नल स्वच्छपणे मोठा करणारं चांगलं प्रीअँप बोर्डावर क्वचितच असतं.

आवाजाची जात कानाने ठरेना, तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करा आणि 'अॅनालाइझ'मधल्या 'प्लॉट स्पेक्ट्रम'वर जा. ५०, १००, १५० हर्ट्झवर सुळके दिसले तर वीज. हजारांच्या पट्ट्यात सुटे सुळके दिसले तर कॉम्प्युटर. सगळीकडे सपाट गवत पसरलेलं दिसलं तर प्रीअँपची खसखस.

दुसरी पायरी: घराची वीज तपासा

मी स्वतः इथेच अडकलो होतो, म्हणून सांगतो. नौपाड्यातली आमची इमारत जुनी. रेकॉर्डिंगमध्ये घरघर यायची. एका दुकानदाराने बोर्डाला दोष दिला, मी कॉम्प्युटरच्या आत बसणारं पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड घेतलं, बसवलं, घरघर तिथेच. मग जाड वायरी घेतल्या. महिन्याभराने वायरमनला बोलावून सॉकेट उघडलं, तर तिसऱ्या भोकामागे हिरवी वायर जोडलेलीच नव्हती. अर्थिंगचं भोक नुसतं शोभेला होतं. त्याने वायर जोडली, आणि त्या रात्री हेडफोनमध्ये पहिल्यांदा शांतता ऐकली. कार्डाचे पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते बिना-अर्थिंगच्या सॉकेटवर घरातली सगळी यंत्रं इतकी वर्षं चालत होती याचं.

तुमच्या घरी ओळखण्याची एक खूण आहे. धातूचं झाकण असलेला लॅपटॉप चार्जिंगला लावा आणि बोटांची मागची बाजू त्यावरून हलकेच फिरवा. बारीक झिणझिणी, खरखरीत कापडावरून हात फिरल्यासारखं वाटलं, तर चार्जर दोन पिनांचा आहे किंवा अर्थिंग पोहोचत नाही. दोन पिनांच्या चार्जरला ही झिणझिणी सहसा धोक्याची नसते, पण ऑडिओत घरघर आणायला ती पुरते. तीन पिनांचा चार्जर असूनही वाटली, तर वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो एक-दोन व्होल्टच्या आसपास असावा. हे काम स्वतः करू नका. घरघर घालवायला अर्थची पिन तोडण्याचा सल्लाही काही लोक देतात, तो कधीही ऐकू नका. घरघर जाईल, पण एखाद्या दिवशी जीवही जाईल.

अर्थिंग ठीक असूनही घरघर असेल तर पंख्याचा रेग्युलेटर बघा. गोल फिरवायचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापून वेग कमी करतो आणि ती कापलेली लाट ऑडिओत 'टर्रर्र' करते. पंखा पूर्ण वेगावर नेला किंवा बंद केला की टर्रर्र बदलली, तर चोर सापडला. टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की प्रश्न मिटतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच आवाज खराब होत असेल, तर तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे विजेची लाट गोलाईऐवजी चौकोनी देणारा, आहे का ते पाहा.

तिसरी पायरी: फुकटचे उपाय संपवा

विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये हेडफोन आणि माइक दोन्हींसाठी 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ऑडिओचा ड्रायव्हर घ्या. मोबाइलचा माइकवाला इअरफोन डेस्कटॉपच्या गुलाबी जॅकमध्ये लावून "माइक चालत नाही" म्हणणारे खूप भेटतात. त्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, आणि डेस्कटॉपला हेडफोन-माइक वेगळे करणारा छोटा स्प्लिटर लागतो.

मग रेकॉर्डिंगची परीक्षा घ्या. नेहमीच्या आवाजात बोला, सर्वांत मोठा उच्चार ऑडॅसिटीत उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान येईल असं बघा, आणि मग त्याच पातळीवर गप्प बसा. शांततेत मीटर उणे ६० च्या खाली गेला तर तुमचा बोर्ड उत्तम आहे. ऑडिबलच्या एसीएक्स या साइटवर ऑडिओबुक द्यायचं तरी शांततेची अट हीच आहे. मीटर उणे ४५ च्या वर रेंगाळला तर त्याच जागी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाहा. मोबाइलमध्येही तोच हुंकार आला तर तो खोलीचा आहे. फ्रीज, एसी, रस्ता. तेव्हा कार्डापेक्षा जाड पडदे आणि गादीसमोर बसून बोलणं जास्त उपयोगी पडतं.

चौथी पायरी: हेडफोनची जोडी जुळते का

साधे हेडफोन १६ ते ३२ ओहमचे (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) असतात आणि बोर्ड त्यांना सहज वाजवतो. स्टुडिओत वापरायचे २५० ओहमचे हेडफोन लावले तर व्हॉल्यूम शंभरावर नेऊनही आवाज मिणमिणता राहतो. तिथे वेगळ्या हेडफोन अँपची गरज खरी आहे. उलट बाजूलाही एक अडचण असते. जॅकचा स्वतःचा इम्पीडन्स, म्हणजे हाच अडथळा, हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, असा जुना ठोकताळा आहे. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपर्यंतचा जॅक. काही बोर्डांवर तो बराच जास्त असतो. मग महागड्या इअरफोनचा खर्ज फुगतो किंवा वरचे सूर दबतात. अशा वेळी यूएसबी-सी ते ३.५ मिमीचा एक चांगला डाँगल पुरेसा ठरतो. ॲपलच्या इवल्याशा डाँगलची मोजमापं तर त्याच्या किमतीच्या मानाने फार चांगली आहेत. दीड-दोनशे रुपयांत मिळणारे हिरवे-काळे यूएसबी डाँगल मात्र घेऊ नका. त्यांपैकी बरेच तुमच्या बोर्डाहून वाईट असतात.

तुलना करताना एक पथ्य पाळा. दोन्हींचा आवाज कानाला अगदी समान करा आणि अदलाबदल दुसऱ्याला करू द्या. किंचित मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो. दुकानातली निम्मी विक्री त्यावर चालते.

आता कशासाठी काय घ्यावं

नुसतं ऐकायचं आहे, चिरचिर जात नाही किंवा हेडफोन जास्त ओहमचे आहेत: हेडफोन अँप असलेला बाहेरचा यूएसबी डीएसी. लॅपटॉपला चालतो, उद्या कॉम्प्युटर बदलला तरी बरोबर येतो.

घरात तीन-तीन जॅकवाले ५.१ चे जुने स्पीकर आहेत आणि नव्या बोर्डावर तेवढे जॅक नाहीत: इथे पीसीआय एक्सप्रेसचं आतलं कार्ड शोभतं. घेण्याआधी रिकामा स्लॉट मोजा. ग्राफिक्स कार्ड दोन-अडीच स्लॉटांची जागा खातं आणि छोटा स्लॉट बऱ्याचदा त्याखाली दडलेला असतो. जुनं पीसीआय कार्ड आजच्या बोर्डात बसतच नाही. गेम खेळणाऱ्यांना, वायरचे हेडफोन असतील तर, बोर्ड सहसा पुरतो. दिशेचा भास आता सॉफ्टवेअरच तयार करतं.

गाणं, तबला, अभिवाचन, पॉडकास्ट रेकॉर्ड करायचं आहे: ऑडिओ इंटरफेस (माइकचं प्रीअँप, एडीसी आणि डीएसी एकत्र असलेली बाहेरची डबी) घ्या, आणि त्यावर पैसे घालताना मन खट्टू करू नका. तीन पिनांचा एक्सएलआर माइक इथेच लागतो. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच मिळणारी वीज, लागते, बोर्डाचा गुलाबी जॅक जेमतेम दोन-पाच व्होल्ट देतो. फोकसराइट स्कार्लेट सोलोसारख्या एका माइकच्या इंटरफेसवर शाळेतली मुलगीसुद्धा स्वच्छ बंदिश रेकॉर्ड करू शकते.

इंटरफेस घेण्याचं दुसरं कारण विलंब. आपला आवाज माइकमधून आत जाऊन हेडफोनमधून परत यायला वेळ लागतो. ४८ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांचा बफर (आवाजाचे आकडे थोडे थोडे साठवणारी जागा) म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१.३. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे पहिल्या बफरचा विलंब तबलजी गायकाच्या बाजूला सुमारे दोन मीटरवर बसल्याइतका, आणि दुसऱ्याचा सात मीटर दूर बसल्याइतका. आत जाताना आणि बाहेर येताना असे दोन बफर धरावे लागतात. बोर्डाच्या साध्या ड्रायव्हरवर एकूण विलंब शंभर मिलिसेकंदांच्या घरातही जातो, आणि मग सम हातातून निसटते. इंटरफेसबरोबर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (विलंब कमी ठेवणारा) ड्रायव्हर येतो का, आणि 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण आहे का, हे बघून घ्या. ते बटण दाबलं की गायकाला स्वतःचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट ऐकू येतो.

काकूंनी शेवटी काय घेतलं? काहीच नाही, चार महिने. मग त्यांना शिष्यांसाठी बंदिशी रेकॉर्ड करून ठेवायच्या होत्या, तेव्हा इंटरफेस आणि एक माइक घेतला. त्या वेळी कशासाठी घेतोय ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

खरेदीला जाताना

ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर गेलात तर स्वतःचा लॅपटॉप, चार्जर आणि रोजचे हेडफोन बरोबर न्या. दुकानाच्या हेडफोनवर काहीही छानच वाटतं. लॅपटॉप बॅटरीवर आणि चार्जरवर, दोन्ही वेळा ऐका. जीएसटीचं बिल घ्या, वॉरंटी भारतातली आहे ना ते खोक्यावर वाचा, आणि घरची घरघर गेली नाही तर परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. ऑनलाइन घेतलंत तर परत करण्याच्या मुदतीतच वरच्या सगळ्या परीक्षा पुन्हा करा, त्याच खोलीत, त्याच सॉकेटवर.

घरी आणल्यावर पावसाळ्याची काळजी घ्या. खाडीच्या या दमट हवेत ठाण्यापासून ऐरोली-वाशीपर्यंत जॅकच्या आतले धातू लवकर काळवंडतात. पिन फिरवली की खर्रखर्र येते, एक कान बंद पडतो, आणि लोकांना वाटतं कार्ड गेलं. पिनेवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकून ती जॅकमध्ये दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, पण यंत्र बंद करून, आणि वाळल्याशिवाय सुरू करू नका. माइक जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. पुड्यांचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की पुड्या बदला.